जागा सांगणारे गेनूमास्तर

कंडक्टरने गावाचं नाव पुकारलं तर त्यात नवल काय? पण बारामती-इंदापूर गाडीवरचे गेनूमास्तर गावाबरोबर तिथल्या रिकाम्या जागाही पुकारायचे. "सणसर, सणसर! चला, उतरा बिगीबिगी. सोसायटीला कारकून पायजे. मॅट्रिक, अक्षर वळणदार. हाय का कुणी गाडीत?" नवखा माणूस चकित होऊन इकडेतिकडे बघायचा. रोजचे लोक मात्र हसत मान वर करायचे, न जाणो आपल्या कामाचं काही निघालं तर!

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. एस.टी. अजून नव्या नवलाईची होती. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस उभा राहिला होता, साखर कारखान्यांची धुराडी लांबून दिसायची, आणि घरटी एखादं पोरगं शाळा संपवून 'आता पुढं काय' म्हणून पारावर बसलेलं असायचं. मास्तर मूळचे सुप्याकडचे, कोरडवाहू मुलखातले. सातवी पास होऊन तीन वर्षं बापाच्या खडकाळ रानात ढेकळं फोडली. एस.टी.त भरती चाललीय हे त्यांना एका ट्रकवाल्याने वाटेत सहज सांगितलं, म्हणून नोकरी लागली. ते त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. "जागा असती, माणूसबी असतो," ते म्हणायचे. "मधी सांगणारा नसतो, येवढंच."

तिकीट फाडताना 'कुठं जायचं' या प्रश्नापाठोपाठ 'शाळा किती झाली' हा प्रश्न ठरलेला. शाळा कळली की लगेच निकाल. दसऱ्याच्या आधी कारखान्याची यंत्रं खोलून साफ करायची असतात, तेव्हा मास्तरांच्या तोंडी नुसते फिटर आणि टर्नर. गळीत सुरू झालं की उसाच्या गाड्या तोलायला काट्यावरचे कारकून. त्यानंतर अंगमेहनतीची माणसं. "मॅट्रिकवाल्यांनो, तुमी शिमग्यापतूर घरी झोपा काढा," असं ते भर गाडीत बजावायचे, "सध्या चौथीवाल्यांचा हंगाम हाय!" शिमगा झाला, गळीत संपत आलं, की चौथीवाल्यांना गावाकडे पिटाळायचे आणि शाळाखात्याच्या जागांकडे वळायचे. हे सगळं त्यांना कळायचं कुठून? तर गाडीतूनच. कारखान्याचा ओव्हरशिअर, कॅनॉलवरचा कारकून, शाळेचा हेडमास्तर, सगळे त्याच बाकांवर बसायचे, आणि मास्तर कुणालाही सोडायचे नाहीत.

त्यांचा अंदाज दर वेळी बरोबर यायचा असं मात्र मुळीच नाही. एकदा त्यांनी बारामतीच्या स्टँडावर ठणकावलं, "कारखान्यावर माणसं घेत्यात! चौथी झाली असली तर बरं, न्हाय झाली तरी चालंल!" दुसऱ्या दिवशी गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कारखान्याला माणसं हवी होती मूठभर, आणि गेली अख्खी आळी. तिकडे सांगवीला आमच्या आबांच्या कांद्यात तण माजलं आणि खुरपायला कुणी मिळेना. आबा म्हणजे माझे वडील. जन्म मेंढरांमागे गेला, मग मेंढरं विकून कॅनॉलखाली जमीन केली, भाजीपाला करायला लागले. त्यांनी आणखी चार बागाईतदार गोळा केले आणि स्टँडावर जाऊन मास्तरांची वाट अडवली.

"आमची माणसं पळवतोस व्हय रं? आता कांदं काय तू खुरपणार?"

मास्तर क्षणभर वरमले. मग सरळ गाडीच्या पायरीवर चढले आणि ओरडले, "सांगवी, सांगवी! खुरपणीला माणसं पायजेत! शिक्षणाची अट न्हाय, कालवण मालकाचं!" कारखान्यावरून रिकामे परतलेले गडी तिथेच घुटमळत होते, ते हसत हसत बागाईतदारांच्या बैलगाड्यांत चढले. कांदे खुरपून झाले, पण आबांचा राग काही गेला नाही. "लई वाजतंय ते भांडं," एवढंच ते मास्तरांबद्दल बोलायचे.

आणि त्याच भांड्याशी माझी गाठ पडायची होती.

मी फायनल, म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा पास झाले होते. आमच्या भावकीत तेवढी शिकलेली मी पहिलीच. आबांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून स्थळं बघायला लागले. मला शाळेत शिकवायचं होतं. इतकं शिकवायचं होतं की गोठ्यातल्या कालवडीला मी बाराखडी म्हणून दाखवायचे! आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "गप बस बाई, आबा ऐकत्याल." वर्ष तसंच गेलं. मग इंदापूरला मावशीच्या घरी मला दाखवायचा कार्यक्रम ठरला. नवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, अशी मी आबांच्या शेजारी गाडीत बसले. मास्तर तिकीट द्यायला आले. आबांनी त्यांच्याकडे न बघताच पैसे पुढे केले, म्हणून असेल, त्या दिवशी आम्हाला शाळा विचारली गेली नाही.

बेलवाडी मागे पडली आणि मास्तरांनी घसा खाकरला. "आता लासुर्णे! ऐका बरं का, मुलींच्या वर्गाला बाई पायजे. आधीच्या बाई लगीन होऊन गेल्या, पोरी घरी बसल्यात. फायनल पास असावी, ट्रेनिंग झालेलं नसलं तरी चालंल, पर पोरींना मारणारी नको. स्कूल बोर्डाची मंजुरी येऊन पडलीय. आठ दिसांत कुणी गावलं न्हाय तर जागा जाती दुसऱ्या गावाला. हाय का कुणी फायनल पास बाईमाणूस?"

गाडीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग कुणीतरी म्हणालं, "मी हाय." तो आवाज माझाच होता, हे मला आबांचं तोंड बघून कळलं.

"खाली मान घाल!" आबा गरजले. मग मास्तरांना म्हणाले, "ओ मास्तर, आमी पोरगी दाखवायला चाललोय इंदापूरला. तुमचं तुमी तिकिटं फाडा."

"मग दाखवा की, आबा! आधी लासुर्ण्याच्या हेडमास्तरला दाखवा, मग इंदापूरला दाखवा. न्हाय कोण म्हणतंय?"

गाडी खदाखदा हसली. आबा लालबुंद झाले. "पोरीच्या कमाईवर जगायचं व्हय आमी? आणि लोक काय म्हणत्याल?"

"लोक हितंच बसल्यात. इचारा त्यास्नी." मास्तर वळले, "काय हो मंडळी, काय म्हणता?" कुणी म्हणालं, जाऊ द्या पोरीला. कुणी म्हणालं, आधी लगीन उरका. एका फेटेवाल्याने तर, नवऱ्या मुलाची शाळा किती झालीय, असं विचारलं. आबांनी नाइलाजाने सांगितलं, पाचवी. त्यावर गाडीत जो कल्ला झाला, त्यात ड्रायव्हरनेसुद्धा हॉर्न वाजवून भर घातली.

मास्तर मात्र हसले नाहीत. ते आबांच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "आबा, तुमी मेंढरं राखलीत. चारा दिसला की काय करत हुता? उद्या येतो म्हणत हुता?"

आबा मुंडासं सारखं करायला लागले.

"जागा तशीच असती बघा. आज हाय, आठ दिसानं दुसऱ्याचा कळप तितं बसलेला आसतोय. पोरगी तुमचीच ऱ्हाईल. लगीनबी व्हईल. पर ही जागा ऱ्हायची न्हाय."

लासुर्णे आलं. छत्री घेतलेले हेडमास्तर स्टँडावर उभेच होते. बिचारे रोज गाडीला यायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईला, "आपण फायनल का?" म्हणून विचारायचे. बायका पदर सावरत पळायच्या. आबा जागचे हलले नाहीत. बाहेर बघत बसले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी कुणाकडेही न बघता विचारलं, "पोरगी ऱ्हाणार कुठं?"

मागच्या बाकावर कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी कडाडली, "माझ्या घरात! सखूआत्या म्हणत्यात मला, ह्या लासुर्ण्यात कुणालाबी इचार. पोराचं बिऱ्हाड कारखान्यावर हाय, मी एकलीच भिताडांशी बोलती."

"आणि इंदापूरच्या पाव्हण्यांना काय सांगू?"

"सांगा, पोरगी सरकारी कामात अडकलीय," मास्तर म्हणाले. आणि आमचे आबा, जे वर्षातून एकदा हसायचे, ते धोतराचा सोगा तोंडाला लावून हसले. हेडमास्तरांनी मला तिथल्या तिथे एक कविता म्हणायला लावली, मग बाई येतेय का बघायला आलेल्या, गाडीच्या सावलीत उभ्या असलेल्या पोरींना सांगितलं, "या तुमच्या बाई." आबा एकटेच पुढे गेले.

संध्याकाळच्या गाडीने ते परत आले आणि सखूआत्याच्या दारात उभे राहिले. मन फिरलं असणार, न्यायला आले असणार. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"पाव्हणं उठून गेलं," ते म्हणाले. "नोकरीवाली पोरगी नको म्हणालं. मावशी तुझी रडत बसलीय." मग बगलेतली नवी कोरी बायकी छत्री त्यांनी माझ्या हातात दिली. "इंदापुरात घेतली. त्या हेडमास्तरकडं हाय, मग तुझ्याकडंबी पायजे."

मी आबांच्या गळ्यात पडून रडले. आमच्यात तशी रीत नव्हती, पण पडले.

लग्न पुढे झालं, आणि चांगलं झालं. मी लासुर्ण्याला रुळले, ट्रेनिंगही करून आले. काही वर्षांनी मास्तरांची कोकणाकडे बदली झाली. जायच्या आधी ते शाळेत आले, खाकी कपड्यांत, खांद्याला चामडी पिशवी. मुलींसमोर बसले आणि एकेकीला विचारायला लागले, शिकून काय होणार. कुणी म्हणाली बाई, कुणी नर्स. ठकू नावाची एक शेंबडी पोर उठली आणि म्हणाली, "मी कंडक्टर व्हनार."

वर्ग खो खो हसला. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पिशवी काढून ठकूच्या खांद्याला अडकवली, ती तिच्या गुडघ्याखाली गेली. "बाईमाणसाची जागा तितं अजून निघाली न्हाय," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "निघाली की सांगतो. तवर तू शाळा सोडू नको."

त्या एवढ्याशा पोरीला त्यांनी 'तुला जमायचं नाही' म्हटलं नाही. मला माणूस म्हणून ते कुठे आवडले, तर तिथे.

ती जागा निघायला फार वर्षं लागली. मी पेन्शनीत निघाले, बारामतीला येऊन राहिले, केस पिकले. एक दिवस पेपरात वाचलं, एस.टी.त बायका कंडक्टर घेणार. पहिल्यांदा मनात आलं, मास्तरांना कळवावं. पण मास्तर जाऊनही तेव्हा बरीच वर्षं झाली होती. डोळे भरून आले. मग म्हटलं, अगं बये, रडतेस काय, सांगायचं काम तर राहिलंय! दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी लासुर्ण्याला गेले. गावातच दिलेली ठकू अंगणात शेंगा वाळत घालत होती. जावई-सुना आलेली, गुडघे दुखणारी बाई. मी उभ्या उभ्याच तिला बातमी सांगितली.

ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली, इतकी हसली, की शेंगा पायाखाली आल्या.

"बाई, लई उशीर केला की वो ह्या लोकांनी!" ती म्हणाली. डोळे पुसले, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "ए सूनबाई, भाकरी ठेव बाजूला आणि हिकडं ये. तुझी शाळा किती झालीय, सांग बाईंना."