यानं खिळे ठोकू नये

पांढरकवड्याच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये स्टोअर सांभाळणारे बाबूजी जगातल्या प्रत्येक माणसाला मूर्ख समजत. त्याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता, कारण मालकांपासून हमालांपर्यंत ते कोणालाही वगळत नसत. प्रत्येक अवजाराला त्यांनी सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. मोठ्या पान्यावर लिहिलं होतं, 'हा मशीनचे नट ढिले करण्यासाठी. यानं खिळे ठोकू नये. पाण्याच्या पाइपासाठी शेजारचा पाना घ्यावा.' मी वाचून हसलो. "हासा साहेब," ते म्हणाले, "खिळे ठोकनारा बी असाच हासत होता."

हंगामात कापसाच्या गाड्यांना नंबर लावणारी गेटवरची टोकनंही बाबूजीच देत. मग मालकांनी नागपूरला कुठल्याशा कार्यक्रमात एआय एजंट पाहिला आणि त्यांना बाबूजी एकदम जुने वाटू लागले. शेतकऱ्यानं मोबाइलवर विचारायचं, एजंटनं समजून घेऊन आपणच टोकन द्यायचं, नाहीतर रद्द करायचं. तो नीट चालला की तुमची खुर्ची रिकामी, हे मालकांनी बाबूजींना तोंडावरच सांगितलं. फार मोकळ्या स्वभावाचे आहेत आमचे मालक. एजंट बनवायला मला बोलावलं, कारण मी पुण्यात शिकून आलो होतो आणि घरी रिकामा बसलो होतो.

एजंटच्या हाती दिलेल्या एकेका कामाला टूल म्हणतात. ते कशासाठी आहे हे आपण दोन ओळींत लिहायचं, तेवढं वाचून तो टूल निवडतो. एका टूलनं टोकन दिसे, दुसऱ्यानं रद्द होई. मी त्यांची नावं टोकन-एक आणि टोकन-दोन ठेवली आणि दोन्हींपुढे लिहिलं, 'टोकनसंबंधी काम करते.' मला ते फारच सुटसुटीत वाटलं.

चाचणीच्या पहिल्याच दिवशी केळापूरकडच्या एका बाईंनी विचारलं, 'माहा नंबर कवा लागन?' एजंटनं तत्परतेनं त्यांचं टोकन रद्द केलं. बाई कापसाची भरलेली गाडी घेऊन गेटवर उभ्या, वर ढग, आणि मी आत मालकांना 'एजंट अजून शिकतोय' असं समजावत होतो. बाबूजींनी जुन्या रजिस्टरात पाहून गाडी आत घेतली, बाईंना चहा पाजला आणि माझ्याकडे आले. नुसते गप्प बसले असते तरी त्यांची खुर्ची शाबूत राहिली असती.

पण वाईट लिहिलेलं त्यांना बघवत नसे. "काम करते! बैल बी काम करते. कवा वापराचं, कवा नाई वापराचं, हे कोन सांगन त्याले?"

मग आठवडाभर ते सांगत आणि मी टाइप करी. 'टोकन पाहणे : नंबर कधी लागेल असं विचारलं तर हे वापरावं. यानं काहीही बदलत नाही.' 'टोकन रद्द करणे : शेतकरी स्वतः येत नाही म्हणाला तरच. आधी एकदा विचारून घ्यावं. शंका असेल तर हात लावू नये.' मी म्हणालो, "बाबूजी, एजंट हुशार आहे, एवढं कशाला?"

"हुशारासाठीच लिहून राह्यलो. बुद्दू इचारून घेते. हुशार इचारत नाई, करून मोकळा होते."

शेवटचं टूल होतं माणसाला फोन जोडण्याचं. 'गाडी गेटवर अडली असेल, कोणी रडत किंवा शिव्या देत असेल, तर स्वतः उत्तर देऊ नये.' फोन कोणाला जोडायचा म्हटल्यावर त्यांनी सवयीनं स्वतःचाच नंबर सांगितला.

एजंट हंगामभर बिनचूक चालला. मालकांनी बाबूजींना निरोपाचं शाल-श्रीफळ दिलं, भाषणात मात्र माझं कौतुक केलं. मला लाज वाटली. ते निघताना मी म्हणालो, "बाबूजी, मुद्दाम चुकीचं लिहून दिलं असतं तर तुम्ही आज इथंच असता."

"अन् गेटवर कोन उभं राह्यलं असतं? मालक?"

ते पुसदला मुलीकडे गेले. एजंटमधला आपला नंबर बदलायला त्यांनी मला सांगितलं होतं, मी टाळत राहिलो. अडलेल्या शेतकऱ्यांचे फोन त्यांनाच लागत, आणि ते पुसदहून, फुकट, गाडी कुठे लावायची ते सांगत. मालकांना वाटे, एजंट सुधारतोय.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा गेले. हे टोकनचे फोन अजून येऊन राह्यले, भाऊ. काय सांगू?"

मी एजंटमध्ये त्यांच्या जागी माझा नंबर टाकला. दुसऱ्याच सकाळी पहिला फोन आला. पलीकडे गेटवर अडलेला एक शेतकरी होता.

"बाबूजी हायेत का?" त्यानं विचारलं.