धुळ्याच्या मशीनवरची तिची फाईल

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कॉम्प्युटर मला कधी कळला नाही. जेवढा कळला तेवढा बायकोमुळे, आणि ती आता नाही.

नव्वदच्या पुढची गोष्ट. आम्ही जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात राहायचो. ती कापसाच्या एका पेढीत कॉम्प्युटरवर बसायची. पेढीची ऑफिसं दोन, जळगावला आणि धुळ्याला. आठवड्यातून एकदा ती एसटीनं धुळ्याला जायची. मशीन दोन्हीकडे एकाच जातीचं, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. नाव टाकलं की ते आधी तिची एक फाईल वाचायचं. त्यात तिनं आपले छोटे शब्द ठरवून ठेवले होते. दोन अक्षरं दाबली की गोदामातला सगळा माल समोर. जळगावला काही बदललं की फ्लॉपीवर घेऊन ती धुळ्यालाही टाकायची. म्हणायची, "नाहीतर परक्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधल्यासारखं होतं."

धुळ्याचा प्रिंटर वेगळा. जळगावची फाईल तशीच टाकली तर तिथे छपाई वेडीवाकडी यायची. म्हणून तिनं एक लहान फाईल वेगळी केली, फक्त धुळ्याची.

मग तिची किडनी बिघडली, अंथरूण धरलं. त्याच वर्षी धुळ्याच्या मशीनची डिस्क गेली. तिच्या फायलींची जादा फ्लॉपी तिथे होती, पण खंडेनवमीला तिथल्या ऑपरेटरनं बाकी हत्यारांसोबत फ्लॉप्यांनाही हळदकुंकू वाहिलं होतं. मधल्या भोकातून कुंकू आत गेलेलं. मशीन ती वाचेना.

मी म्हणालो, "बघतील ते त्यांचं. तू पडून राहा."

"आणि मी बरी होऊन गेल्यावर? माझा हात चालायला नको का तिथे?"

दोन्हीकडे चालणारी फाईल जळगावहून फ्लॉपीवर मिळाली. धुळ्याची लहान फाईल कुठेच नव्हती, फक्त तिच्या डोक्यात. उशीला टेकून तिनं ती कागदावर लिहिली. मी लिहून घ्यावं तर मला इंग्रजी येत नाही.

कागद आणि फ्लॉपी घेऊन मी धुळ्याला गेलो. ऑपरेटर मान खाली घालून बसला होता.

"देवाचंच केलं ना, भाऊ," तो म्हणाला.

"देवाला काय करायची फ्लॉपी? टाइप कर."

त्यानं टाइप केलं. प्रिंटर खरखरला, ओळी सरळ उमटल्या. "बठ्ठं बरोबर शे," तो म्हणाला. "वहिनीले सांगजा."

घरी येऊन सांगितलं. "चला, म्हणजे गेले की लगेच काम," ती म्हणाली. मी हो म्हणालो. डॉक्टर काय बोलले होते ते मला ठाऊक होतं. ती धुळ्याला परत गेली नाही.

तिचं वर्षश्राद्ध झालं आणि शेजारच्यांकडे ऑपरेटरचा फोन आला. वहिनींच्या फायली काढून टाकू का, त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंचे शब्द वेगळे आहेत.

"राहू दे की," मी म्हणालो.

"कोण वापरणार, भाऊ?"

काढ म्हणालो. मग चप्पल घालून जळगावच्या ऑफिसात गेलो आणि तिथलीही काढायला लावली. एकीकडे आहे आणि एकीकडे नाही, हे तिला चाललं नसतं.