भिंतीवरचा फोटो

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. आज टीव्हीवर आमची जुनी मालिका लागली होती. त्यातल्या घराच्या भिंतीवर चंदनहार घातलेला वामनरावांचा फोटो दिसला.

मी दिग्दर्शक होतो. जन्मभर कुणाचे तरी मामा, कुणाचे वडील झालेले वामनराव आमच्याकडे आजोबा होते. कथेत आजोबांना मारायचं ठरलं, ते त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. ते मेकअप करून सेटवर आले आणि फोटोसमोर थबकले.

"साहेब, मी गेलो? कळवायचं तरी!"

सगळे हसले. मीही हसलो. दुय्यम नटाला निरोपही भिंतीनंच द्यायचा!

पुढे दर दिवाळीला त्यांचाच फोन यायचा. "बरे आहात ना, साहेब?" गेल्या दिवाळीला तो आला नाही. "वामनराव, माझं चुकलं," एवढंच म्हणायचं राहून गेलं.