रुद्रनाथाला निघालो, तुंगनाथाला पोहोचलो

आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. माझे वडील, आबा, त्यातलेच. माझ्या बहिणीला, अक्काला, सोनगीरला देऊन तीस वर्षं झाली होती, तरी तिच्याकडे जाताना आबा रावेरहून फिरकीचा तांब्या भरून सोबत न्यायचे. व्याह्यांनी हसावं, अक्काने रुसावं, पण म्हाताऱ्याने काही ऐकलं नाही. त्याच माणसाने शेवटची दोन वर्षं लेकीच्या घरी काढली, तिच्या हातचं पाणी पीत, आणि याला कारण मी. त्यांची उजवी बाजू वाऱ्याने गेली त्या वर्षी मी केळीच्या गाड्या भरायचं काम नुकतंच अंगावर घेतलं होतं. माझा आणि बायकोचा सगळा जीव कापणीत अडकलेला. एके दिवशी अक्का भेटायला आली, तिने आबांच्या अंगाखालची ओली चादर पाहिली. दुसऱ्या दिवशी जीप करून त्यांना घेऊन गेली. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि हे तेव्हा मी कुणाजवळ बोललो नाही.

आबा गेल्यावर ते सुटलेपण मला खाऊ लागलं. देवापुढे बसलो की ती चादर आठवायची, हात जोडलेले तसेच राहायचे. आबांच्या तरुणपणी एक साधू आमच्या बागेत आठवडाभर उतरला होता. त्याने त्यांना हिमालयातल्या रुद्रनाथाचं सांगितलं होतं. तेव्हापासून आबा दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या साली रुद्रनाथाले जाऊ." पण बाग कुणावर सोडणार? मग मीच ठरवलं, वर्षश्राद्ध झालं की तापीचं पाणी नेऊन रुद्रनाथाला घालायचं, आणि आबांनी लावलेल्या बागेतली केळी वाहायची. अक्काला कळवलं, तर ती गाठोडं बांधूनच आली.

निघताना मी एक शहाणपणा केला. पिकलेली केळी प्रवासात टिकायची नाहीत, म्हणून कच्ची फणी कापली, वाळल्या पानांत गुंडाळली आणि पिशवीत घातली. रावेरच्या जूनमध्ये चार दिवसांत पिवळी होतात, म्हणजे वर पोहोचेपर्यंत बरोबर तयार होतील असं धरलं. जन्म केळीत गेलेल्या माणसाने थंडीत केळी पिकत नाहीत हे विसरावं, याला काय म्हणायचं? गोपेश्वरला उतरून पिशवी उघडली तर केळी हिरवीगार, दगडासारखी. अक्का पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "महादेवले काय भाजी कराले लयेल शे का?"

गोपेश्वरच्या धर्मशाळेत दोन वाटा समोर होत्या. रुद्रनाथ म्हणजे वीस किलोमीटरची उभी चढण, घोडं नाही, मुक्काम रानात. तुंगनाथ त्याहूनही उंचावर, पण तिथवर मोटारीचा रस्ता जवळ जातो. पुढे चारेक किलोमीटरची दगडी पायवाट, घोडंही मिळतं. धर्मशाळेच्या म्हाताऱ्या व्यवस्थापकाने अक्काला लागलेला दम बघितला आणि सरळ सांगितलं, तुंगनाथ करा. मला ते झोंबलं. महिनाभर रोज दोन तास बांधावरून चालून मी पाय तयार केले होते. सोपी वाट धरायला काय मी इतक्या लांब आलो होतो? मी अक्काला म्हटलं, तू इथेच थांब, मी जाऊन येतो. ती चपला घालत म्हणाली, "आबा मन्हा बी बाप व्हता. मी येस." माझा हट्ट आणि तिचा हट्ट एकाच घरातला, कोण कोणाला समजावणार!

सकाळी सगर गावातून चढायला लागलो. पहिला तासभर मी पुढे, अक्का मागे. मग ती दर वीस पावलांवर थांबू लागली. झाडी संपून गवताचं पठार लागलं तिथे ती खाली बसली, ती उठेचना. ओठ निळसर झालेले, श्वास वाजत होता. मी पाणी पाजलं, पाठ चोळली. वर पाहिलं तर डोंगर ढगात गेलेला, खाली पाहिलं तर वाट झाडीत गेलेली, माणूस कुठे नाही. माझ्या अपराधाचं ओझं उतरवायला मी बहिणीला मारायला घेऊन आलो, हे त्या क्षणी मला लख्ख कळलं. मी काही मागितलं नाही. नुसतं म्हटलं, आबा, माझ्याने नाही होत.

तेवढ्यात वरच्या बाजूने पाठीवर गवताचा भारा घेतलेली एक बाई उतरत आली. पन्नाशीची असेल. तिने विचारपूस केली नाही की वेळ घालवला नाही. भारा तिथेच टाकला, अक्काच्या काखेत हात घातला, मला म्हणाली, "दूसरी तरफ से पकड़ो," आणि आम्ही तिला घेऊन उतरू लागलो. उतरता उतरता अक्काचा श्वास सुटा होत गेला. गावात बाईच्या घरी चुलीजवळ तिला निजवलं, गरम दूध दिलं. मग बाईची नजर माझ्या पिशवीकडे गेली. केळी दाबून बघत ती म्हणाली, "कच्चा फल चढ़ाने चले थे, भैया?" उत्तराची वाट न बघता तिने फणी गव्हाच्या कोठीत पुरली आणि कोठी चुलीच्या भिंतीला सरकवली.

तिथे आम्ही तीन दिवस राहिलो. अक्का सुधारत गेली, तसा माझा किडा पुन्हा वळवळू लागला. तिसऱ्या दिवशी मी बाईला विचारलं, अक्काला तुमच्याकडे ठेवून मी एकटा रुद्रनाथाला जाऊन येऊ का? ती विळ्याला धार लावत होती. मान वर न करता म्हणाली, "हम तो रोज़ चढ़ते हैं, घास के लिए। चढ़ने से ही कुछ होता तो हम कब के तर जाते।" मग उठून तिने गव्हात हात घातला आणि फणी बाहेर काढली. पिवळीधमक झाली होती. मी केळी हातात घेऊन बसून राहिलो. कुणी म्हणेल, त्यात काय, ऊब मिळाली, पिकली. मीही आयुष्यभर हेच काम केलं आहे, मला का ठाऊक नाही? पण त्या घडीला मला एवढंच समजलं की आता हट्ट सोडायचा.

दुसऱ्या दिवशी तुंगनाथला गेलो. अक्का घोड्यावर, मी लगामाशेजारी, ऊन स्वच्छ पडलेलं, दोन्ही बाजूंना गवत, समोर बर्फाची शिखरं. अक्का वाटेतल्या प्रत्येकाला रामराम घालत होती. गाभाऱ्यात पुजाऱ्याने तापीचं पाणी शिळेवर ओतायला सांगितलं आणि सहज म्हणाला, रुद्रनाथात शिवाचं मुख आहे, इथे बाहू आहेत. अक्काने पाणी ओतलं, ओल्या दगडावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाली, "आबाना हात मी दोन वरीस चोळेल शे. हाऊ हात मी वळखस."

मी तिच्यामागोमाग बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं अक्काला सांगितलं. चादर, जीप, सुटल्यासारखं वाटणं. म्हटलं, आबा माझ्यावर रागावूनच गेले असतील. अक्का म्हणाली, "येडा शे का तू? आबा रोज सांजले मालेच इचारेत, भाऊनी गाडी भराई गयी का? मी हां म्हनू, तवय पानी पेत."

दोन वर्षं, रोज संध्याकाळी. मी पोटभर रडलो, आणि रडून झाल्यावर भूक लागली. प्रसादाची केळी आम्ही तिथल्या सगळ्यांना वाटली, घोडेवाल्यालासुद्धा.

अशा अनुभवांत मदतीला आलेलं माणूस पुन्हा सापडत नाही, असं मी वाचत आलो आहे. आम्ही मात्र परतताना सगरला गेलो, तर बाई अंगणातच गवत पसरत होती. मी पाया पडलो, प्रसादाचं केळं दिलं. तिने ते उभ्या उभ्याच खाल्लं, साल गाईला टाकली आणि म्हणाली, "मीठा है।" देव याहून वेगळा भेटावा अशी माझी आता मागणी नाही. त्यानंतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनगीरला गेलो तेव्हा आबांचा फिरकीचा तांब्या घरीच ठेवला. अक्काने पाणी दिलं, मी प्यालो, आणि ती विचारायच्या आतच सांगितलं, "हो अक्का, गाडी भरून झाली."