एका तेजोमेघासाठी दर्यापूरच्या रानात

नवी दुर्बीण घरी आली त्याच दिवशी मी ठरवलं होतं, पहिला फोटो रोझेट तेजोमेघाचा काढायचा. मृग नक्षत्रातली तांबूस काक्षी ओळखत असाल तर तिच्या डावीकडे, जरा खाली पाहा. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. पण कॅमेरा तासन्‌तास लावून ठेवला तर त्या रिकाम्या जागेत गुलाबाच्या फुलासारखा लाल वायूचा ढग उमटतो. आकाशात तो पौर्णिमेच्या चंद्राच्या अडीच पट रुंद आहे, म्हणून मोठ्या दुर्बिणीत मावतच नाही. त्याला माझ्यासारखी आखूड, दोन हातांत धरता येईल एवढीच दुर्बीण लागते.

मी अमरावतीला एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दोन वर्षं पैसे साठवून दुर्बीण, थंड होणारा कॅमेरा आणि ताऱ्यांमागे फिरणारी बैठक घेतली. पण आमच्या गच्चीवरून मृगाचे ठळक तारे शोधतानाही मान दुखते, इतका शहराचा उजेड. अंधार हवा होता, आणि उत्तरेकडे मोकळं रान हवं होतं. ध्रुव तारा आपल्याकडे बराच खाली असतो, एखादं झाडसुद्धा त्याला झाकतं, आणि तो दिसल्याशिवाय बैठक नीट लागत नाही.

वैशाली माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिचं सासर दर्यापूरच्या पलीकडे एका खेड्यात आहे. फोनवर ती म्हणाली, "आमच्या हरभऱ्याच्या वावरात ये ना. रात्री हाताले हात दिसत नाही इतका अंधार. कोणाले विचारायचीबी गरज नाही, घरचंच वावर हाय."

जानेवारीतली अमावास्या शनिवारी येत होती. बाबा म्हणाले, मीही येतो.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते एसटीत कंडक्टर होते आणि त्यांची बरीच नोकरी याच पट्ट्यात झाली. त्यांच्या गाडीत एकच नियम असे, आधी बसला त्याची सीट. एकदा गावातल्या एका बड्या माणसासाठी लोक एका मजूर बाईला उठवू लागले, तर बाबांनी घंटी मारून गाडी थांबवली आणि म्हणाले, "बाई उठणार नाही. ज्याले जागा पायजे त्यानं मागच्या गाडीनं यावं." ही गोष्ट मी त्यांच्या ड्रायव्हरकडून ऐकली. ते स्वतः सांगत नाहीत.

दुपारी दोनला घरच्या गाडीने निघालो. वलगाव सोडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते, त्या दिवसांत हरभरा गुडघ्याएवढा आणि तूर कापणीला आलेली. रस्ता बरा आहे, पण मध्ये मध्ये काम चालू असल्याने पन्नासेक किलोमीटरला दीड तास धरा. बाबा प्रत्येक थांब्याचं नाव आधीच सांगत होते. दर्यापूरला स्टँडबाहेर गरम आलूबोंडे खाल्ले, वीस रुपयाला दोन, सोबत तळलेल्या मिरच्या. पिण्याचं पाणी घरून न्या. हा खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही.

वैशालीने दारातच मिठी मारली. तिचे यजमान एका लग्नाला नागपूरला गेले होते, घरात सासू आणि जेठ, म्हणजे मोठे दीर, होते. सहा वाजताच तिने जेवायला वाढलं, भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. ओसरीवर, कागदाच्या प्लेटमध्ये. आत मांडणीवर स्टीलची ताटं ओळीने लावलेली दिसत होती. मी मनात म्हटलं, भांडी घासायचा त्रास नको म्हणून असेल. बाबांनी प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जेवू लागले.

वावर गावापासून अर्ध्या किलोमीटरवर, एका जुन्या गढीला लागून. गढी म्हणजे आता मातीचा ढिगाराच उरलाय. अंधार पडल्यावर मी वर पाहिलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. इतके तारे मी लहानपणानंतर पाहिले नव्हते. ध्रुव सापडला, बैठक लावली, कॅमेरा शून्याखाली दहापर्यंत थंड केला. भिंगावर दव धरू नये म्हणून त्याभोवती गरम होणारी पट्टी गुंडाळली. पांढऱ्या उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडते, म्हणून आम्ही आकाश पाहणारे लाल दिवा वापरतो. तसाच एक छोटा दिवा बॅटरीवर ठेवला होता. आठला पहिली फ्रेम सुरू झाली, तीन मिनिटांची. लॅपटॉपवर ती उमटली तेव्हा मधोमध फिकट लाल कडं होतं.

"हे बा काय हाय?" बाबा वाकून म्हणाले.

"तोच ढग. यात नवे तारे तयार होतात."

"इथवर उजेड याले किती दिवस लागते?"

"पाच हजार वर्षं."

ते हसले. "मंग आपल्याले घाई कायची? चाय घे."

थर्मासमध्ये काळा चहा होता. बाबांनी खिशातून लिंबू काढलं, चाकूने कापलं, माझ्या कपात पिळलं. दोन तास आम्ही तसेच बसलो. दर तीन मिनिटांनी एक फ्रेम पडत होती. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दोन तास होते.

सव्वादहाला गावाकडून टॉर्च दिसले. आधी तीन-चार, मग दहा-बारा. मी उभी राहून ओरडले, "टॉर्च बंद करा, फोटो चालू आहे!" ते पळतच आले. पुढे मफलर बांधलेला, हातात काठी घेतलेला एक माणूस होता.

"कोन हा तुमी? अवसेच्या रात्री लाल दिवा लावून काय करून राहिले?"

मी सांगितलं, ताऱ्यांचे फोटो काढतोय, वैशालीताईंना विचारून आलोय.

"तारे? अन् गढीजवळच काहून?" मागून कोणी म्हणालं, "गुप्तधन काढून राहिले, दुसरं काय! खड्डा पाहा रे कुठं हाय."

चार जण टॉर्च घेऊन खड्डा शोधायला हरभऱ्यात शिरले. एकाने माझी बॅग जमिनीवर उलटी केली. त्याच वेळी दुसऱ्याला कापलेलं लिंबू आणि चाकू दिसला.

"लिंबू हाय! चाकूबी हाय!"

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे फिरवला, म्हटलं, बघा, हाच फोटो. एकजण मागे सरकला. "हे तं रगत दिसून राहिलं."

"रक्त नाही हो, ढग आहे, आकाशातला."

"मंग दिवसा काढ ना फोटो," काठीवाला म्हणाला, आणि बाकीचे हसले. मग तो बाबांकडे वळला. "तुमचं नाव काय, काका? पुरं सांगा."

बाबांनी पूर्ण नाव सांगितलं. आडनाव मी इथे लिहीत नाही. आमच्याकडे आडनाव सांगितलं की वस्तीसुद्धा सांगावी लागत नाही. आतापर्यंत बाबांना 'तुमी' म्हणणारा तो पोरगेला काठीवाला पुढचं वाक्य म्हणाला, "तू इकडं ये. उजेडात उभा राह्य." बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत.

गर्दीत एक म्हातारा होता. तो पुढे येऊन म्हणाला, "अरे, हे तं आपल्या गाडीवरचे कंडक्टर होते. मी वयखतो यायले."

"कंडक्टर हाय तं तिकिटं फाडाव," मागून आवाज आला. ते वैशालीचे जेठ होते. त्यांच्यामागे पदर डोक्यावर घेऊन वैशाली उभी होती. मला इतका धीर आला की मी जवळजवळ हसलेच. म्हटलं, "वैशाली, सांग ना यांना."

जेठ तिच्याकडे वळले. "तू बलावलं काय यायले?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती. म्हणाली, "कॉलेजात होती माझ्यासंग. फोटो काढतो म्हणे. रात्रीचं मले काई माहीत नव्हतं."

रात्रीचं माहीत नव्हतं! तासाभरापूर्वी तिचा मेसेज आला होता, थंडी वाजत असेल तर गोधडी पाठवू का म्हणून. तो माझ्या मोबाइलवर होता. मी मोबाइल काढला, आणि तेवढ्यात बाबांनी माझा हात खाली केला. मग त्यांनी त्या सगळ्यांपुढे हात जोडले.

"चुकलं आमचं," ते म्हणाले. "पोरीले नाद हाय. आमी जातो."

सामान आवरायला वीस मिनिटं लागली. ते सगळे टॉर्च रोखून उभे होते. कोणाच्या तरी पायात कॅमेऱ्याची केबल अडकली आणि तिचं टोक वाकलं. वैशाली आधीच निघून गेली होती. गाडीपर्यंत सोबत आला तो फक्त तो म्हातारा. त्याने बाबांच्या खांद्याला हात लावला. बाबा थांबले नाहीत.

मुक्काम वैशालीकडे ठरला होता. आता इतक्या रात्री जायचं कुठे? अकोल्याला आत्या राहते, तिकडे वळलो. हा रस्ता रात्री अगदी सुनसान असतो आणि वाटेत उघडा पेट्रोलपंप मिळेलच असं नाही, तेव्हा टाकी दर्यापुरातच भरून घ्या. तासाभराच्या वाटेत बाबांनी एकाही थांब्याचं नाव सांगितलं नाही.

आत्याने दार उघडलं. "काहून रे दादा, इतक्या रात्री? फोटो नाही निघाला?"

"ढग आले," बाबा म्हणाले.

तिच्या दारातून मृग लखलखीत दिसत होता.

रविवारी आत्याने पोहे केले, मटकीची उसळ केली, शेजारणींना बोलावून सांगितलं की आमची प्रज्ञा ताऱ्यांचे फोटो काढते. बाबा त्यांच्यात बसून हसत होते. दुपारी मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून परत निघालो. हा महामार्ग चौपदरी आहे, दोन तासांत घरी.

घरी पोचल्यावर मी विचारलं, न राहवून. "मेसेज दाखवू दिला असता तर? ती खोटं बोलत होती."

बाबा बूट काढत होते. "दाखवला असता तं तिले घरात मारलं असतं. अन् तुही दुर्बीण फोडली असती. दोन वर्षं तू कशी काढली ते मले माहीत हाय." मग बूट बाजूला ठेवून म्हणाले, "पुढच्या खेपेले तू जाजो. मी नाही येत."

तुमच्यापैकी कोणी अशा मोहिमेवर जाणार असाल तर अनुभवाने सांगते. पोलीस पाटलाला आधी लेखी कळवा, चार-पाच जणांनी मिळून जा, जुन्या गढ्यांपासून लांब राहा. माझे दोघे वर्गमित्र मागच्या वर्षी त्याच तालुक्यात तीन रात्री राहून आले. त्यांनी कोणाला काही कळवलं नव्हतं, गावाने त्यांना दूध आणून दिलं. त्यांचं पूर्ण नाव कोणी विचारलं नाही. मी माझा सल्ला मागे घेत नाही, पण तो कितपत उपयोगी पडेल हे तुमचं तुम्हाला माहीत.

फोटो चांगला आला. बेचाळीस फ्रेम एकावर एक रचल्या की सॉफ्टवेअर सगळ्यांत जे समान आहे तेवढं ठेवतं. विमानं, उपग्रह, भटका उजेड, जे एकदोन फ्रेममध्येच आलं ते आपोआप पुसलं जातं. त्यामुळे त्या लाल फुलात टॉर्चचा मागमूसही नाही. आकाशप्रेमींच्या ग्रुपवर तो टाकला तर शंभरावर लोकांनी कौतुक केलं. एकाने जागेचा पत्ता विचारला. मी दिला नाही. बाबांनी फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, "झकास" म्हणाले आणि पेपर उघडला.

बुधवारी वैशालीचा मेसेज आला. "सॉरी गं. तुला माहीत आहे ना मला इथेच राहायचं आहे. फोटो कसा आला? पाठव ना, स्टेटसला ठेवते."

तिला तिथेच राहायचं आहे हे मला कळतं. तिची अडचण खोटी नाही. पण तिच्या अडचणीसाठी हात माझ्या बापाने जोडले, आणि तिच्या मेसेजात बाबांचं नावही नव्हतं.

मी टाकाऊ फ्रेमचं फोल्डर उघडलं. त्रेचाळिसावी फ्रेम निवडली. टॉर्चच्या झोताने ती सबंध पांढरी पडली आहे, एकही तारा दिसत नाही. ती तिला पाठवली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "एवढा खराब आला?"

मी लिहिलं, "हो."