आर्लिस क्वामनं लिहिलेली एक ओळ

आर्लिस क्वाम अमेरिकेतल्या बासवुड काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, बोर्डाची चिटणीस झाली तेव्हा चोविशीत होती. पुढं एकोणतीस वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ती कोर्टहाउसच्या दुसऱ्या मजल्यावर लांब टेबलाच्या टोकाशी बसत आली. पुढ्यात वही, तीन टोकदार पेन्सिली. पाच मेंबर, पाचही शेतकरी किंवा शेती सोडून बसलेले. विषय तेच ते. कुठल्या रस्त्यावर किती खडी टाकायची, कुठला चर गाळानं भरला, ओढ्यात बांध घालणाऱ्या बीव्हर प्राण्यानं कुणाच्या बांधाला पाणी तुंबवलं, जत्रेच्या मैदानातल्या छपराला रंग कधी द्यायचा, तलावाकाठच्या हॉटेलाला बिअरचा परवाना चालू ठेवायचा की नाही. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.

बाहेरच्या माणसाला यात जांभई आली असती. आर्लिसला कधी आली नाही. लघुलिपीत टिपून घ्यायचं, दुपारी टंकयंत्रावर इतिवृत्त उतरवायचं, आणि त्यात कानामात्रेचीही चूक राहू द्यायची नाही, यात तिला एक प्रकारचा मान वाटे. एकदा दोन गावांत एका पुलावरून भांडण लागलं. दोन्हीकडचे शपथेवर वेगवेगळं सांगत होते. आर्लिसनं नऊ वर्षांपूर्वीचं पान काढून दाखवलं आणि भांडण तिथंच मिटलं. तेव्हापासून कॅफेत कुणी फुशारकी मारू लागला की लोक म्हणायचे, "आर्लिसच्या वहीत आहे का? नसेल तर झालंच नाही." हे ऐकून ती वरवर कानाडोळा करी, पण मनातून सुखावे.

बोर्डाचे चेअरमन हार्लन स्टेन्सरूड. धिप्पाड, सावकाश बोलणारा माणूस. आर्लिसचा नवरा ऑर्डेल याला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचाही अर्धी गेली, तेव्हा सहा महिने आर्लिस अर्धाच दिवस कामावर येत होती. दुसऱ्या कुणी तिला घरी बसवलं असतं. हार्लननं बोर्डापुढे विषय येऊच दिला नाही. त्या हिवाळ्यात तिच्या दारातलं बर्फ तो स्वतःचा ट्रॅक्टर आणून ढकलून देई आणि कॉफीलाही न थांबता निघून जाई. हे उपकार आर्लिस विसरली नव्हती. विसरणाऱ्यातली ती नव्हतीच.

आर्लिसच्या नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली तेव्हा, एका ऑक्टोबरात, बैठकीला बर्नाडीन क्रोचेक आली. काउंटीच्या दक्षिण टोकाला ती आणि तिचा नवरा लॅडी चाळीस गाई पाळून होते. बाईला बोलायला सांगावं लागत नसे. मागच्याच वर्षी तिनं याच खोलीत हार्लनला विचारलं होतं, की तुमच्या मेहुण्याच्या दारापर्यंतच डांबर कसं काय पोचलं आणि पुढं का संपलं. हार्लनचा चेहरा तेव्हा बिटासारखा झाला होता.

बैठकीच्या शेवटी जनतेला बोलायला तीन मिनिटं देत. बर्नाडीन उठली आणि हातातली काठी तिनं सरळ टेबलावर ठेवली. काठी अर्ध्याच्या वर ओल्या मातीनं माखलेली होती.

"आमच्या रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जातं ती मोरी," ती म्हणाली. "वरून खडी जागच्या जागी दिसते. खाली पोकळी झालीय. शेजारच्या भगदाडातून काठी घातली, ती एवढी आत गेली. वसंतात पाणी सुटलं की रस्ता बसणार. दुधाचा टँकर जातो तिथून. शाळेची बस जाते."

एक मेंबर घड्याळाकडे बघत होता. दुसरा कागद गोळा करत होता.

"बघू," हार्लन म्हणाला.

"कधी बघू?"

"बर्नाडीन, तुझी तीन मिनिटं झाली."

तिनं काठी उचलली आणि गेली. टेबलावर मातीचा पट्टा राहिला, तो आर्लिसनं रुमालानं पुसला.

खाली जाताना जिन्यात हार्लननं आर्लिसला गाठलं. "ते शेवटचं आहे ना, जनतेचं, तिथं नेहमीसारखंच लिही."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"कोणी आलं नाही की लिहितेस ते."

"पण ती आली होती, हार्लन."

"ती दर महिन्याला काहीतरी घेऊन येणार. कागदावर आलं की इंजिनिअरनं लेखी उत्तर द्यायचं, मग तिनं त्यावर बोलायचं, मग पेपरात यायचं. माझ्याच्यानं नाही होत आता. मोरी मी स्वतः जाऊन बघतो. याच आठवड्यात. शब्द देतो तुला."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच जायचं होतं. आर्लिसलाही ते कळत होतं, आणि म्हणूनच तिला सोपं गेलं. दुपारी तिनं कागद चढवला आणि शेवटच्या मथळ्याखाली टंकलं : "जनतेपैकी कोणी बोलण्यास उपस्थित नव्हते." एवढंच. टंकताना बोटं थांबली नाहीत, हे तिला पुढं पुन्हा पुन्हा आठवे.

दोन आठवड्यांनी इतिवृत्त वाचून झालं. सूचक, अनुमोदक, मंजूर. इतिवृत्त मंजूर झालं की टिपणं जाळायची असा नियम होता. आर्लिसनं ती तळघरातल्या भट्टीत टाकली. हार्लनचं जाणं आजउद्यावर पडत गेलं होतं; त्याच आठवड्यात बर्फ लवकर आलं, रस्ते बंद झाले, आणि मोरी बघायला कुणी गेलं नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. एका सकाळी लॅडी क्रोचेक यंत्राचा मोडका भाग घेऊन गावाकडे निघाला आणि मोरीवर त्याची गाडी रस्त्यासकट खाली गेली. बर्फाच्या पाण्यात छातीपर्यंत, पाय लोखंडात अडकलेला, असा तो दोन तास होता. दुधाच्या टँकरवाल्याला तो दिसला. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. जूनमध्ये गाई विकल्या.

लोकांनी चर्चच्या तळघरात जेवणावळ घालून मदत गोळा केली. आर्लिसनं बटाट्याचं सॅलड करून पाठवलं. स्वतः गेली नाही. ऑर्डेलला बरं नाही म्हणून सांगितलं. ऑर्डेलला काही झालं नव्हतं.

मग क्रोचेकांनी काउंटीकडे नुकसानभरपाई मागितली, आणि जुलैत काउंटीच्या वकिलानं दोन्ही बाजूंना बोलावलं. वकील तरुण, नीटस, मुद्द्याचं बोलणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं : मोरी आतून खचली हे बोर्डाला कुणी सांगितलंच नव्हतं, तर बोर्डाला कळणार कसं?

"मी सांगितलं होतं," बर्नाडीन म्हणाली. "या खोलीत. इथं उभी राहून."

"कोणत्या तारखेला?"

तिला तारीख आठवत होती. बाकीच्या मेंबरांना मात्र तिचं बोलणं आठवत नव्हतं. वकिलानं आर्लिसकडे पाहिलं. "जरा ती वही देता का, मिसेस क्वाम?"

आर्लिसनं कपाटातून टंकलेल्या इतिवृत्तांची जाड बांधीव वही आणली, पान काढलं, आणि एकोणतीस वर्षांची सवय म्हणून त्या ओळीखाली बोट धरलं. वकिलानं ती ओळ मोठ्यानं वाचली. हार्लन खिडकीतून बाहेर बघत होता. बर्नाडीन वहीकडे नव्हे, त्या बोटाकडे बघत होती. आर्लिसनं बोट काढून घेतलं आणि मग हाताचं काय करावं ते तिला सुचेना.

गावाला बोलायला विषय मिळाला. कॅफेत कुणी म्हणालं, दुःखानं माणूस काहीही बोलतो, बिचारी. कुणी म्हणालं, बिचारी कसली, पाय नवऱ्याचा गेला आणि डोळा काउंटीवर. "आर्लिसच्या वहीत नाही," असं कुणीतरी म्हटलं आणि सगळे हसले. शेजारच्या टेबलावर आर्लिस सूप खात होती. एकजण तिच्याकडे वळून म्हणाला, "तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून काउंटी चाललीय." तिनं मान हलवली. सूप तसंच राहिलं.

सप्टेंबरात बर्नाडीन कोर्टहाउसच्या खिडकीशी आली. बुडालेल्या गाडीची नोंदणी रद्द करायची होती. खिडकीशी त्या दिवशी आर्लिस होती. तिनं अर्ज पुढं सरकवला, सही कुठं करायची ते दाखवलं. बर्नाडीननं सही केली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तू लिहीत होतीस."

आर्लिसनं अर्ज आपल्याकडे ओढून घेतला.

"मी बोलत होते तेव्हा तुझी पेन्सिल चालत होती. मी तुझ्याकडंच बघत होते, कारण त्या पाचातला एकही माझ्याकडे बघत नव्हता. मनात म्हटलं, असू दे, ही लिहितेय ना."

"शिक्का लागेल," आर्लिस म्हणाली. "एक मिनिट." आणि तिनं शिक्का मारला. बर्नाडीन कागद घेऊन गेली. मागच्या माणसाला कुत्र्याचा परवाना हवा होता. त्याला तो कितीतरी वेळ मिळाला नाही.

त्या संध्याकाळी तिनं ऑर्डेलला सगळं सांगितलं. त्याच्यापासून तिनं याआधी कधी काही लपवलं नव्हतं. हे मात्र अकरा महिने लपवलं होतं. तो खुर्चीत ऐकत होता. डाव्या हातानं त्यानं चमचा बाजूला ठेवला.

"मग... सांग त्यांना," तो म्हणाला. त्याचे शब्द एकेक करून यायचे.

"हार्लननं आपल्यासाठी काय केलंय ते तुला माहीत आहे. तू पडून होतास तेव्हा..."

"माझं नाव... त्यात... घालू नको."

इतके दिवस ती स्वतःला हेच सांगत होती, की हे मी उपकाराखातर केलं, ऑर्डेलखातर केलं. ते त्यानं पाच शब्दांत काढून घेतलं. उरली ती एकटी.

तरीही तिनं आणखी तीन महिने काढले. हेही इथं सांगितलंच पाहिजे. एक बैठक गेली, दुसरी गेली, प्रत्येक मंगळवारी तिनं ठरवलं आणि प्रत्येक मंगळवारी खडी आणि चर लिहून घरी आली. डिसेंबरात ती हार्लनच्या घरी गेली. तो गोठ्यात होता.

"पुढच्या बैठकीत मी सांगणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले."

हार्लननं फाटकाची दांडी धरली. "मी विसरलो, आर्लिस. बर्फ पडलं आणि विसरलोच. लॅडीची बातमी आली तेव्हा आठवलं."

"मला माहीत आहे."

"सांग तू. माझं नाव घे. पण टंकणारा हात तुझा होता, तेही सांग."

"तेच सांगायला जातेय," ती म्हणाली.

त्या मंगळवारी आर्लिसनं आपली जागा मदतनीस कॉरलला दिली आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसली. मेंबरांना वाटलं तब्येत ठीक नसेल. बर्नाडीनला तिनं निरोप पाठवला होता. ती दाराशी कोट न काढता उभी होती. सगळे विषय संपले. हार्लननं विचारलं, "जनतेपैकी कुणाला बोलायचंय?" आर्लिस उठली.

तिला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही, पण फार बारीक निघाला, आणि एका मेंबरनं "जरा मोठ्यानं" म्हटलं. म्हणून जे एकदाच बोलायचं होतं ते तिला दोनदा बोलावं लागलं. बर्नाडीन आली होती, काठी घेऊन, मोरीबद्दल बोलली होती, दुधाचा टँकर आणि शाळेची बस म्हणाली होती. मी ते सगळं टिपलं होतं. मग मी कोणी आलं नाही असं लिहिलं. चेअरमननी सांगितलं, पण नाही म्हणता आलं असतं. मी तसं म्हटलं नाही.

"टिपणं आहेत?" बैठकीला आलेल्या काउंटीच्या वकिलानं विचारलं.

"जाळली."

"म्हणजे तुमच्या वहीविरुद्ध फक्त तुमचा शब्द."

घड्याळ बघणारा तो मेंबर पुढं झुकला. "आर्लिस, तेव्हा खोटं लिहिलंस की आता खोटं बोलतेयस?"

"तेव्हा," ती म्हणाली.

कॉरलची पेन्सिल थांबली होती. आर्लिसनं तिच्याकडे बघून म्हटलं, "लिही, बाळ. जसंच्या तसं."

इतिवृत्त दुरुस्त करावं अशी सूचना सर्वांत वयस्क मेंबरनं मांडली. अनुमोदन बराच वेळ येईना. शेवटी आलं ते हार्लनकडून, आणि चेअरमननं अनुमोदन द्यायची तिथं पद्धत नव्हती. चार हात वर झाले. बर्नाडीन मतदान होईपर्यंत थांबली आणि कुणाशी न बोलता जिना उतरून गेली.

पुढं काउंटीनं क्रोचेक कुटुंबाशी तडजोड केली. गाई काही परत आल्या नाहीत. हार्लन पुढच्या निवडणुकीला उभा राहिला नाही. आर्लिसनं कुणी मागायच्या आत राजीनामा दिला. निरोपाचा केक नको म्हणाली आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

तिला वाटलं होतं लोक तोंड फिरवतील. काहींनी फिरवलं, त्याचं तिला बरंच वाटलं. सोसवले नाहीत ते दुसरे. दुकानात, पोस्टात हात धरून "केवढं धाडस केलंस" म्हणणारे. "मी असते तर माझी छाती झाली नसती," असं पास्टरच्या बायकोनं म्हटलं तेव्हा आर्लिस म्हणाली, "चौदा महिने लागले मला. त्यातले आठ लॅडीचा पाय गेल्यावरचे." बाईला वाटलं हा विनय आहे.

मार्चमध्ये ती क्रोचेकांच्या घरी गेली. हातात काही नेलं नाही. केक घेऊन जावंसं वाटलं होतं, आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली. बर्नाडीननं दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

"मी माफी मागायला आले," आर्लिस म्हणाली.

"ऐकलं मी. त्या दिवशीच ऐकलं." बर्नाडीनचे हात पिठानं भरलेले होते. "आत ये म्हणणार नाही मी. जमत नाही अजून. पुढं जमेल की नाही तेही ठाऊक नाही."

"म्हणूही नकोस."

आतून लॅडीचा आवाज आला, "कोण आहे गं?"

बर्नाडीननं मागं वळून सांगितलं, "कोर्टहाउसमधली लिहिणारी बाई."

"मग थंडीत कशाला उभी केलीस?"

बर्नाडीननं पिठाचे हात एप्रनला पुसले. मग आर्लिस म्हणाली, "येते मी," आणि पायऱ्या उतरली. अंगणात बर्फाचा चिखल झाला होता. रिकाम्या गोठ्याचं दार वाऱ्यानं आपटत होतं, ते तिनं जाता जाता कडी घालून बंद केलं. गाडीत बसल्यावर किल्ली लावायच्या आधी ती बराच वेळ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली, आणि घराच्या खिडकीकडे बघण्याचं तिला धैर्य झालं नाही.