रोडग्यांचा लॉर्ड

मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी केळझरजवळच्या त्यांच्या वावरात आम्हाला रोडगे खायला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, मुलगी सोबत. ती सावंगीला नर्स आहे. लग्नानंतर तिची नोकरी चालू राहील का, एवढंच मला त्यांना विचारायचं होतं.

वावरातले रोडगे आमच्याकडे पुरुषांच्या हातचे. इवाई, म्हणजे हे होणारे व्याही, घमेलं घेऊन बसले होते. पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांनी तळहातावर ओतला, तोंडात कोंबला आणि तोच हात थेट कणकेत घातला. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता, साधारण लिंबाएवढा. तो पडला, दुसरा आला. मी मोजले नाहीत, पण मळून होईस्तोवर त्यांना वरून पाणी लागलं नाही, यावरून समजा.

"इवाई, आपल्या वावरात आपून लॉर्ड आहो," ते म्हणाले. लॉर्ड म्हणताना सुपारीचा एक तुकडा घमेल्यात जाऊन पडला.

तीस वर्षं इंग्रजी शिकवल्याची खाज वाईट. मी सांगत सुटलो, की या शब्दाचं जुनं रूप हलाफवेअर्ड. हलाफ म्हणजे भाकर, वेअर्ड म्हणजे राखणदार. घरच्यांच्या भाकरीची राखण करतो तो लॉर्ड.

"अन् लेडी?"

इथे जीभ चावायला हवी होती. "भाकरीचं पीठ मळणारी," मी म्हणालो.

"पाहा. गोऱ्यायले बी समजत होतं. मंग पोरीले नोकरी कायले पायजे? घरीच मळू द्या कणीक."

माझीच विद्या, माझ्याच मुलीच्या अंगावर ओकलेली. त्या घमेल्याची आली नव्हती इतकी किळस मला स्वतःची आली.

रोडगे गोवऱ्यांच्या आरातून निघाले. राख झटकली ती इवायांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं. त्याच दुपट्ट्यानं त्यांनी मघाशी मान पुसली होती, बगला पुसल्या होत्या आणि माझ्या अंदाजानं बैलही. वर तुपाची धार. पहिला रोडगा माझ्या पत्रावळीत.

"घ्या इवाई, लाजू नका."

नाही म्हटलं तर सोयरीक मोडणार. मी घास तोंडात ठेवला. तो चाववेना, गिळवेना, गालात गोचिडीसारखा फुगत राहिला.

तेवढ्यात मुलीनं आपला रोडगा फोडला. आत मधोमध खर्ऱ्याची सुपारी, छान भाजलेली. तिनं पत्रावळ उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

"मामाजी, राखणदार झोपला होता वाटते. अन् मी नोकरी सोडणार नाई."

इवायांनी सुपारी दोन बोटांनी उचलली, उजेडात धरली आणि तोंडात टाकली. चावत म्हणाले, "बरं. मंग ड्युटीवरून आल्यावर मळजो."

मुलगी उठली. "बाबा, चला."

बांधापर्यंत तो घास माझ्या गालातच होता. तिथे थुंकलो. त्यांचं कुत्रं धावत आलं, हुंगलं आणि परत गेलं.